डाव्या पायाचं माप

६ एप्रिल, सोमवार

आज टँकवर मला बुडालेली समजून बाहेर काढलं. मी बुडाले नव्हते. पाण्यावर पालथी तरंगून श्वास धरत होते, शेजारी माझ्यासोबत शिकणारी सबिहा घड्याळ धरून उभी होती. दीड मिनिट होऊन गेलं होतं, अजून दहा-बारा सेकंद सहज निघाले असते. तेवढ्यात नव्या जीवरक्षकानं उडी टाकली आणि काखेत हात घालून मला ओढत काठाला आणलं. सबिहा सांगत होती, अरे सराव चाललाय, सोड त्यांना. पण त्यानं ऐकलं नाही.

मग मॅनेजर चनमल्लप्पा आला. लेडीज बॅचच्या सगळ्या बायकांसमोर मला पाच मिनिटं ऐकवलं. राग तरी किती, बोलताना सारखा वळून पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या वयाच्या बायका पाण्यात चालतात. तुमी पण चाला की. हे बुडायचं सोंग हितं नको."

मी म्हटलं, सोंग नाही ते, विद्या आहे.

शिवयोगी मधे पडला. तो आमचा शिक्षक, अक्कलकोटकडचा. मला अव्वा म्हणतो, म्हणजे कानडीत आई. त्यानं समजावलं, पण चनमल्लप्पाचं एकच: एक मेपासून पोरांचं उन्हाळी शिबिर, खोल बाजूची लेन तशीही बंद करायचीय. शेवटी बोलणं इथवर आलं की तीस एप्रिलला मी त्याच्यासमोर पाण्याखालून दोन लांब्या, म्हणजे पन्नास मीटर, मोनोफिन लावून करून दाखवायच्या. जमलं तर शिबिरातही आमचा तास राहील. नाही जमलं तर कायमचा बंद, माझा आणि सबिहाचाही.

जाताना चनमल्लप्पा शिवयोगीला हळूच म्हणाला, मावशीला त्यातलं सगळ्यात मऊ पातं दे. मला ऐकू गेलं. वय झालंय, कान गेलेले नाहीत.

७ एप्रिल, मंगळवार

सून ऋतुजा विचारते, आई, हे मोनोफिन असतं काय. तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, कारण सांगता सांगता माझंच मला नीट कळलं.

माशाच्या शेपटासारखं एक रुंद पातं. त्याला दोन रबरी बूट जोडलेले, दोन्ही पाय त्यात एकदमच अडकवायचे. पाय वेगवेगळे हलवायचेच नाहीत. छातीपासून लाट सोडायची, ती कमरेतून पायात, पायातून पात्यात जाते, आणि माणूस पुढे सरकतो.

माझा डावा पाय पोलिओतला. दोन सुटे फिन लावले की उजवा मारतो वीस आणि डावा दोन, मी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरते. पण एकाच पात्यात दोघं बांधले तर? उजव्याबरोबर डाव्याला यावंच लागेल. हे शिवयोगीच्या डोक्यात आलं तेव्हा मला वाटलं, एवढी सोपी गोष्ट पासष्ट वर्षांत कुणालाच कशी सुचली नाही.

पोहायला मी माहेरी, करकंबला, विहिरीत शिकले. वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून सोडलं होतं. पाण्यात पाय दिसत नाहीत, हे मला तेव्हाच आवडलं होतं.

ऋतुजा म्हणाली, म्हणजे सोलापूरची जलपरी. म्हटलं, परी नको, मासोळी म्हण, परीला कामं नसतात.

८ एप्रिल, बुधवार

शिवयोगीनं दोन पाती आणली. कोचीच्या एका कारागिराकडून त्यानं पूर्वी घेतलेली आहेत. दोन्ही फायबरची, दिसायला सारखी, एक मऊ, एक कडक. बूट स्क्रूनं बसतात, त्यामुळे हव्या त्या पात्यावर लावता येतात. बूट मात्र त्या कारागिराकडून मापानं करून मागवायचे.

मी ब्लाऊज शिवते, चाळीस वर्षं. कुणी शिकवलं नाही. जुना ब्लाऊज उसवून त्याचे तुकडे बघून शिकले. त्यामुळे पातं हातात आल्याबरोबर कॉलरच्या आत घालायचं बकरम दुमडून बघावं तसं दुमडून बघितलं. मऊ पातं टोकापर्यंत छान वाकत होतं. कडक पातं वाकायला तयार नव्हतं, सोडलं की फाटकन सरळ.

शिवयोगी म्हणाला, "अव्वा, मऊ घ्या. कडक पात्याला मांड्या लागतात. दम लवकर संपतो."

मी कडक घेतलं. मऊ बकरमाची कॉलर दोन धुण्यात मान टाकते, हे मला कुणी सांगायला नको. आणि मऊ द्या म्हणणारा कोण होता तेही मला माहीत आहे.

पायाचं माप घरी दार लावून घेतलं. पुठ्ठ्यावर उजवा पाय ठेवून पेन्सिल फिरवली, कापला. मग तोच पुठ्ठा उलटा ठेवून डावा आखला. एक बाही कापली की दुसरी तिच्यावरच ठेवून कापतात, तसं. दोन्ही सारखे येतात, वेळही वाचतो. चपलांचंही माझं तसंच, दुकानदाराला उजवा पाय दाखवायचा, डाव्याच्या पुढच्या बाजूला घरी येऊन चिंधी कोंबायची. कुणाला कळत नाही.

माप आजच पाठवलं.

१८ एप्रिल, शनिवार

बूट आले. काळे, जाड रबर, वास नव्या टायरचा. दोन्ही अगदी एकसारखे. हातात घेऊन बरं वाटलं.

मोजे घालूनच बूट चढवले. टँकवर मी कायम मोजे घालते, फरशी फार घसरते तिथली.

पहिली लाट मारली आणि पातं उजवीकडे कललं. दुसरीला लेनच्या दोरीवर डोकं आपटलं. चौथ्या लाटेला डावा पाय बुटातून सुटून बाहेर आला आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाण्यातच तोंड वासलं. सबिहानं वर घेतलं. अर्धी लांबीसुद्धा नाही.

चनमल्लप्पा लांबून बघत होता. मी त्याला हात केला, मजेत आहे म्हणून.

रबर नवीन आहे, बसेल हळूहळू.

१९ एप्रिल, रविवार

डाव्या बुटात पुढे कापूस भरला. भिजून त्याचा लाडू झाला. मग चिंधी भरली, ती निघून पाण्यावर तरंगली. एक लहान मुलगी म्हणाली, आजी, तुमचं काहीतरी सांडलं. दोन मोजे एकावर एक घातले. पाय सुटतोच.

२१ एप्रिल, मंगळवार

शिवयोगीनं जबरदस्तीनं मऊ पातं लावून दिलं. म्हटलं बघू या. तेही तिरकंच गेलं. पाय तसाच सुटला. मी काठाला येऊन म्हटलं, बघ, मऊ-कडकाचा संबंध नाही यात, उगाच माझ्या निवडीला नावं ठेवत होतास. मला अगदी जिंकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की जिंकून मी होते तिथंच आहे, आणि तीस तारखेला नऊच दिवस राहिलेत.

सबिहा फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे आणि पाठी बघते. ती पाण्याखालून माझं पोहणं बघत होती. वर येऊन म्हणाली, "मावशी, डावा बूट मोठा होतोय तुम्हाला. मोजा काढा, बघू दे एकदा."

मी म्हटलं, फरशी घसरते. ती म्हणाली, तुम्ही बसलेल्या आहात. मी म्हटलं, तरी.

ती म्हणाली, मग अब्बांकडे तरी या. तिचे वडील खाजाभाई बूट बनवतात. पोलीस बँडातल्या लोकांचे बूट त्यांच्या हातचे असतात, असं तिनंच मागं सांगितलं होतं.

२३ एप्रिल, गुरुवार

खाजाभाईंच्या दुकानात गेले. माणूस सत्तरीचा, चष्मा दोरीनं गळ्यात. मोनोफिनकडे त्यांनी धड बघितलंही नाही. खाली कागद पसरला आणि म्हणाले, पाय ठेवा.

मी उजवा ठेवला. त्यांनी पेन्सिल फिरवली, पायाच्या उंचीला दोरी लावली, खूण केली. मग दुसरा कागद पसरला.

मी म्हटलं, दुसरा सारखाच आहे, ह्याच्यावरूनच घ्या.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. वर बघितलं नाही, कागदाकडे बघतच म्हणाले, "नाप पाव का लेते ताई, इज्जत का नै."

मी उठले. पिशवी उचलली, मोनोफिन तिथंच राहिलं, रिक्षा केली आणि घरी आले. सगळ्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच, ह्यांना विचारलं कुणी. दुरुस्त करायला बूट नेला होता, मला नव्हे. मी कधी कुणापासून काही लपवलं नाही. पोलिओ आहे म्हणून पहिल्या दिवशीच शिवयोगीला सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे झालं. दाखवायचं कशाला?

ऋतुजानं विचारलं, आई, मोनोफिन कुठाय. म्हटलं, दुरुस्तीला.

२४ एप्रिल, शुक्रवार

टँकवर गेले नाही. काल ऊन लागलं असं निमित्त केलं. खरंच बेचाळीस होतं.

दुपारी विडी कारखान्याजवळची एक जुनी गिऱ्हाईक आली, लेकीच्या लग्नातला ब्लाऊज. टेप लावला की ती पोट आत ओढते, गेली वीस वर्षं. आज मी चिडलेच. म्हटलं, बाई, माप खरं दिलं नाहीस तर लग्नात काखेत फाटेल आणि नाव माझं जाईल. ती म्हणाली, कळतंय हो, पण टेप बघितला की आपोआप होतं.

ती गेल्यावर कात्री हातात धरून बराच वेळ बसले. कापायला धीर होईना. कापड भारीतलं होतं, त्यामुळे असेल.

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी दुकान उघडायच्या आधीच खाजाभाईंच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी शटर वर केलं, सलाम केला, कागद पसरला. काल-परवाचं एक अक्षर काढलं नाही.

मी मोजा काढला आणि डावा पाय कागदावर ठेवला.

लिहूनच टाकते, आता काय. उजव्यापेक्षा अडीच बोटं आखूड. टाच लहान मुलासारखी. वरची कमान उंच, बोटं आत वळलेली. माझ्या नवऱ्यानं हा पाय उजेडात बघितला असेल नसेल, मला आठवत नाही.

खाजाभाईंनी तो हातात घेतला. कणकेचा गोळा तोलावा तसा. टाच दाबली, कमानीवरून अंगठा फिरवला, बोटं सरळ होतात का बघितलं. मग पहिल्यांदाच हसले. मला म्हणाले की तुम्ही आयुष्यभर चिंधी चुकीच्या जागी भरत आलात. पुढं भरली की पाय मागं ढकलला जातो आणि टाच तर मुळातच बारीक, धरणार कशाला? पुढची जागा रिकामी राहू द्या, पाण्यात तिनं काही बिघडत नाही. भरायचं टाचेला आणि कमानीवर. आणि कापड नको, ते पाणी पितं.

पासष्ट वर्षं मी शहाणी समजत होते स्वतःला.

त्यांनी चपलेच्या तळाचा हलका रबर घेतला, पाणी न पिणारा. टाचेसाठी वाटीसारखा तुकडा तासला, कमानीसाठी पाचरीसारखा, चिकटवला, पाय घालायला लावला, काढायला लावला, परत तासला. अकरा वेळा. मधे दोन गिऱ्हाइकं आली, एक बाई तर शेजारीच बसली. माझा पाय तसाच त्या कागदावर उघडा होता. ओढून घ्यायचं मला सुचलंच नाही.

उठताना मी म्हटलं, परवा उठून गेले, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणाले, "बँडवाले भी उठ के जाते. फिर आते."

२७ एप्रिल, सोमवार

बूट बसला. पाय हलवला की पातं हलतं, मधे काही हरवत नाही. ब्लाऊजची बाही खांद्यावर बसते तेव्हा हात वर केला तरी अंग ओढलं जात नाही, तसं.

आज खरी पात्याची परीक्षा घेतली. आधी कडक. सरळ गेले, अगदी दोरीच्या रेषेत. एका लांबीला नऊ लाटा. पण प्रत्येक लाटेला मांडी भरून यायची, गुडघे आपोआप वाकायचे, आणि दुसऱ्या लांबीच्या सुरुवातीलाच छातीत हातोडे. वर यावं लागलं. थोडं थांबून, पाणी पिऊन, मऊ लावलं. तेरा लाटा लागल्या. वेग कमी. पण तेराव्या लाटेलाही मन शांत, जणू कुणी पाळण्यातून नेतंय. मोजायलासुद्धा सुचत होतं.

शिवयोगी काठावर बसून बघत होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, तरी कोण बोलणार?

मीच बोलले. मऊ ठेव म्हटलं. आणि हेही म्हटलं की चनमल्लप्पानं सांगितलं म्हणून नाही. त्यानं सांगितलं म्हणून मी मऊ नको म्हणत होते, म्हणजे इतके दिवस त्याच्याच तालावर चालले होते की. आता माझ्या तेरा लाटा मी मोजल्यात, निवड माझी.

शिवयोगी म्हणाला, "अव्वा, एवढं भांडण पात्याशी कुणी केलं नसेल."

मोजे बॅगेतच राहिले आज. फरशी तितकी घसरत नाही.

३० एप्रिल, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

काठावर चनमल्लप्पा, कमिटीचे दोन जण, शिवयोगी. पाण्यात माझ्याबरोबर सबिहा, वरून पोहत येणार. अनवाणी गेले, सगळ्यांनी पाय बघितला, कमिटीतल्या एकानं नजर वळवली. वळवू दे.

पहिली लांबी बारा लाटांत झाली. भिंतीला वळले, पाय एकदम सरळ. तीस मीटर छान. पस्तीसला छातीत पहिली उचकी आली, म्हणजे शरीर हवा मागायला लागतं ती. दोन-तीन सहन करायच्या असतात, मी केल्या. चाळिसाच्या आसपास भिंत दिसत होती. खरंच दिसत होती. दहा मीटर म्हणजे पाच लाटा. आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कडेला काळसर झालं, थोडंसं.

शिवयोगीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं की कडा काळी झाली की भिंत विसरायची. मी विसरले. वर आले.

दोरी धरली, तीन श्वास घेतले, त्याच्याकडे बघून बोटांची खूण केली आणि मोठ्यानं म्हटलं, मी ठीक आहे. हे सगळं करायचंच असतं, पंधरा सेकंदांत, तरच ते पोहणं धरतात. केलं. मग बघितलं तर चनमल्लप्पा पायऱ्यांवर उभा, बुटांसकट गुडघ्यापर्यंत पाण्यात. पायऱ्या शेवाळल्यात का बघायला उतरला असेल.

तो वर आला, पँट पिळली आणि म्हणाला की पन्नास ठरलं होतं, झाले चाळीस.

शिवयोगीचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. म्हणाला, "पन्नाससाठी ही बाई खाली राहिली असती तर मीच उद्यापासून हिला शिकवणं बंद केलं असतं. वर यायचं कळतं हिला. हितल्या अर्ध्या पोरांना न्हाय कळत."

मी म्हटलं, दहा मीटर कमी पडले ते धरलेत ना, मग वर कशी आले तेही धरा.

कमिटीवाले चनमल्लप्पाकडे बघायला लागले. तो म्हणाला, ठरलं ते ठरलं. उद्यापासून लेन शिबिराला.

घरी येऊन जेवले. ऋतुजानं डब्यात माझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या ठेवल्या होत्या. दोन खाल्ल्या. रडू आलं नाही, राग मात्र खूप आला. हरल्याचा नाही. भिंत दिसत होती त्याचा.

१ मे, शुक्रवार

गेलेच. रोजच्या वेळेला. झेंडावंदन सहालाच आटोपलं होतं, लेनची दोरी काढून गुंडाळून ठेवलेली. उथळ बाजूला चाळीस पोरं सात वाजायची वाट बघत भोंग्यासारखी ओरडत होती. मी खोल बाजूच्या काठावर बसले, पाय पाण्यात सोडले, मोनोफिन शेजारी ठेवलं.

चनमल्लप्पा आला. "मावशी, बंद झालं म्हणून सांगितलं की काल."

म्हटलं, लेन बंद झाली. काठावर बसायला बंदी नाही. सबिहा आल्याशिवाय पाण्याखाली मी जातही नाही, तेवढं मला कळतं. तोवर बसते. आज, उद्या, परवा. एकतीस मेपर्यंत, शिबिर संपेपर्यंत, शिवणाचं काम मी रात्री करीन.

तो उभाच राहिला. मग पाण्यात बघत विचारलं, हे पोलिओचं का. म्हटलं, हो, तीन वर्षांची होते तेव्हाचं. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला, नीट बघा म्हटलं. त्यानं बघितलं. माझ्या वयाच्या बायका पाण्यात चालतात ना, म्हटलं, मला तेच तर नीट जमत नाही, म्हणून पोहते.

तो पोरांकडे वळला. म्हणाला की चाळीस पोरं आहेत, मी एकटा, माझं सगळं लक्ष तिकडं, आणि मागं माणूस पालथं तरंगताना दिसलं की... तिथं थांबला. मी विचारलंही नाही, पोरांच्या गोंगाटात ऐकू आलं नसतं.

मग म्हणाला, "शिबिर साताला सुरू. साडेपाचाला यावं लागंल. किल्ली माझ्याकडं असती, मीच येनार. आणि मी हितं काठाला खुर्ची टाकून बसनार, ते चालंल का?"

मी म्हटलं, खुर्ची कशाला, कामाला या.

तेवढ्यात सबिहा आली. आज अजून सात व्हायला दहा मिनिटं आहेत, एक लांबी होते, असं ती म्हणाली. मी मोनोफिन त्याच्या हातात दिलं, कारण ते एकटीनं चढवता येत नाही, कुणीतरी पातं धरावं लागतं. तो उकिडवा बसला आणि उजवा बूट माझ्यापुढं केला.

"तो नंतर," म्हटलं. "डावा आधी. आणि टाच नीट आत गेली का बघा, वरून कळत नाही."

त्यानं वाकून बघितलं, बोट घालून चाचपलं आणि म्हणाला, गेली.